थांबलेल्या हृदयाची मिनिटं

हृदयाच्या ऑपरेशन थिएटरमध्ये दोन घड्याळं चालू असतात. एक रुग्णाला पंपावर, म्हणजे हृदय आणि फुप्फुसांचं काम करणाऱ्या यंत्रावर, घेतल्यापासूनचं आणि दुसरं महाधमनीवर क्लॅम्प लावल्यापासूनचं. पंपाशेजारी बसून तो चालवणारा पर्फ्युजनिस्ट ठरावीक अंतराने आकडा सांगत राहतो, ‘‘वीस मिनिटं, सर.’’ सर्जन मान वर न करता ‘‘हं’’ म्हणतो आणि सुई पुढे सरकते. बाहेर बाकावर बसलेल्या नातेवाइकांना वाटत असतं, आत सगळा खेळ हाताच्या कौशल्याचा आहे. तो आहेच. पण या व्यवसायाचा सव्वाशे वर्षांचा इतिहास चाळला तर दिसतं की कुशल हात आधीही होते. नव्हती ती वेळ. हृदयाचा सर्जन जे काही करतो ते मुळात मिनिटं मिळवण्यासाठी आणि मिळालेली मिनिटं पुरवून वापरण्यासाठी.

अडचण समजून घ्यायला थोडे आकडे पुरेत. प्रौढ माणसाचं हृदय जेमतेम तीनशे ग्रॅमचं असतं. ते दिवसाला सुमारे एक लाख वेळा आकुंचन पावतं आणि विश्रांतीच्या अवस्थेतही मिनिटाला पाचेक लिटर रक्त ढकलतं. पोटातलं पित्ताशय कापताना ते पळत नाही आणि त्याला तासभर बाजूला ठेवलं तर मेंदूचं काही बिघडत नाही. हृदयाचं तसं नाही. ते हलतं, रक्ताने भरलेलं असतं, म्हणून उघडून आत पाहता येत नाही. थांबवावं तर नेहमीच्या तापमानाला चार-पाच मिनिटांत मेंदूला इजा होऊ लागते. चार-पाच मिनिटांत छिद्र शोधून, शिवून, हवा काढून हृदय बंद करायचं, हे कुणाच्याही हाताला न झेपणारं काम आहे.

म्हणूनच एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत हृदयाला हात लावणं हे शहाण्या सर्जनचं लक्षण मानलं जात नसे. 1896 मध्ये स्टीफन पॅजेट या इंग्रज सर्जनने छातीच्या शस्त्रक्रियेवरच्या पुस्तकात लिहून टाकलं की हृदयाच्या बाबतीत निसर्गाने घालून दिलेली मर्यादा आता गाठली गेली आहे. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये फ्रँकफर्टमध्ये लुडविग रेन यांच्याकडे छातीत सुरा लागलेला एक तरुण आला. उजव्या जवनिकेला भोक पडलं होतं. रेन यांनी हृदय चालू असतानाच, दोन ठोक्यांच्या मधल्या सैल क्षणात टाका घालत, तीन रेशमी टाक्यांनी जखम बंद केली. तो तरुण वाचला. पॅजेट यांचं पुस्तक तेव्हा दुकानात नवंकोरं असणार.

पण जखम शिवणं वेगळं आणि आतला बिघाड दुरुस्त करणं वेगळं. पुढची पन्नास वर्षं सर्जन हृदयाच्या बाहेरून किंवा आंधळेपणाने आत बोट घालून जे जमेल ते करत राहिले. 1925 मध्ये लंडनमध्ये हेन्री साउटर यांनी आकसलेली मायट्रल झडप असलेल्या एका मुलीच्या डाव्या कर्णिकेला छेद दिला, आत बोट घातलं आणि झडपेची फट बोटानेच चाचपून सैल केली. मुलगी बरी झाली. तरीही त्यांच्याकडे दुसरा रुग्ण आला नाही, कारण त्या काळच्या फिजिशियन मंडळींचं ठाम मत होतं की दोष झडपेत नसून स्नायूत आहे. यशस्वी शस्त्रक्रिया होऊनही तिची वाट वीस-बावीस वर्षं बंद राहावी, याचं मला जास्त आश्चर्य वाटत नाही. रुग्ण कुणाकडे पाठवायचा हे ठरवणारा डॉक्टर आणि सुरी धरणारा डॉक्टर यांच्यातली ओढाताण हृदयाच्या क्षेत्रात आजही आहे. तिच्याकडे पुढे येऊच.

1948 च्या उन्हाळ्यात फिलाडेल्फियात चार्ल्स बेली, बोस्टनमध्ये ड्वाइट हार्कन आणि काही महिन्यांनी लंडनमध्ये रसेल ब्रॉक यांनी ही बोटाची शस्त्रक्रिया पुन्हा सुरू केली. बेली यांचे आधीचे तीनही रुग्ण दगावले होते. एकेका रुग्णालयाने त्यांना दार बंद करायला सुरुवात केली होती. म्हणून 10 जून 1948 रोजी त्यांनी दोन वेगवेगळ्या रुग्णालयांत एकाच दिवशी दोन शस्त्रक्रिया लावल्या. पहिल्याची बातमी पसरून दुसरी रद्द होण्याआधी ती उरकावी, हा हेतू. सकाळचा रुग्ण गेला. दुपारची बाई जगली. आजच्या नीतिसमितीपुढे असा माणूस पाच मिनिटंही टिकला नसता. पण त्या दुपारनंतर जगभर संधिवाताच्या तापाने खराब झालेल्या झडपा बोटाने उघडल्या जाऊ लागल्या आणि भारतात तर ही शस्त्रक्रिया पुढची तीसेक वर्षं हृदयशल्यविभागांची रोजची भाकरी होती.

बोटाला डोळे नसतात. हृदय उघडून, आत पाहून काम करायचं तर रक्ताभिसरण थांबवणं आलं. पहिली मिनिटं मिळाली ती थंडीतून. टोरोंटोच्या विल्यम बिगेलो यांनी कुत्र्यांवरच्या प्रयोगांत दाखवलं की शरीर थंड केलं की पेशींची ऑक्सिजनची भूक कमी होते आणि मेंदू जास्त वेळ तग धरतो. 2 सप्टेंबर 1952 रोजी मिनेसोटा विद्यापीठात जॉन लुईस यांनी पाच वर्षांच्या मुलीला थंड करून, अभिसरण काही मिनिटं बंद ठेवून, कर्णिकांमधलं छिद्र डोळ्यांनी बघत शिवलं. डोळ्यांसमोर, कोरड्या हृदयात केलेली ही पहिली यशस्वी शस्त्रक्रिया. पण थंडीने दिलेली मिनिटं साध्या छिद्रालाच पुरत. गुंतागुंतीच्या दोषांना ती अपुरी होती.

त्याच विद्यापीठात वॉल्टन लिलेहाय यांनी जे केलं ते वाचताना आजही अंगावर काटा येतो. त्यांनी मुलाच्या हृदयाचं काम तात्पुरतं त्याच्या बापाच्या किंवा आईच्या हृदयाकडे सोपवलं. शेजारी शेजारी दोन टेबलं, मध्ये नळ्या आणि एक छोटा पंप. मुलाचं निळं रक्त बापाच्या शरीरात जायचं, बापाची फुप्फुसं ते लाल करायची, आणि ते परत मुलाच्या धमनीत यायचं. 26 मार्च 1954 ला पहिली शस्त्रक्रिया झाली. तेरा महिन्यांच्या त्या बाळाच्या जवनिकांमधलं छिद्र व्यवस्थित बंद झालं, पण अकरा दिवसांनी न्यूमोनियाने ते गेलं. पुढच्या वर्ष-सव्वा वर्षात अशा 45 शस्त्रक्रिया झाल्या आणि निम्म्याहून जास्त मुलं वाचली. एका आईला मात्र नळीतून हवा गेल्याने मेंदूला कायमची इजा झाली. एका शस्त्रक्रियेत दोन जीव जाऊ शकतात, म्हणजे मृत्यूचा धोका दोनशे टक्के, असा हिशेब तेव्हाचे सहकारी मांडत.

यंत्राची कल्पना याहून जुनी होती. 1931 च्या सुमारास बोस्टनमध्ये जॉन गिबन हा तरुण डॉक्टर एका बाईच्या उशाशी रात्रभर बसला होता. फुप्फुसाच्या धमनीत गुठळी अडकून तिचं रक्त निळंकाळं होत चाललं होतं. ते रक्त बाहेर काढून, त्यात ऑक्सिजन मिसळून परत घातलं तर? या एका प्रश्नामागे गिबन वीस वर्षं लागले. पत्नी मेरी ही त्यांची प्रयोगशाळेतली भागीदार. पुढे आयबीएम कंपनीच्या अभियंत्यांनीही यंत्र बांधायला मदत केली. 6 मे 1953 रोजी फिलाडेल्फियात अठरा वर्षांच्या एका मुलीचं हृदय आणि फुप्फुसं यांचं काम 26 मिनिटं या यंत्राने केलं आणि कर्णिकांमधलं छिद्र शिवलं गेलं. नंतरचे त्यांचे रुग्ण मात्र वाचले नाहीत. गिबन यांनी हृदयाच्या शस्त्रक्रिया सोडून दिल्या. वीस वर्षांची तपश्चर्या फळाला आल्यावर माणसाने असं बाजूला व्हावं, यात हार आहे की सचोटी, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. 1955 मध्ये मेयो क्लिनिकमध्ये जॉन किर्कलिन यांनी त्यांचंच यंत्र सुधारून वापरलं. लिलेहाय यांच्या हाताखालच्या रिचर्ड डीवॉल यांनी खाद्यपदार्थांच्या कारखान्यात वापरल्या जाणाऱ्या प्लास्टिकच्या नळीपासून स्वस्त ऑक्सिजनेटर बनवला आणि यंत्र श्रीमंत विद्यापीठांबाहेर पडलं.

यंत्राने मेंदूची आणि मूत्रपिंडांची सोय केली. हृदयाची सोय व्हायचीच होती. हृदय थांबवून कोरडं केलं की त्याच्या स्वतःच्या स्नायूलाही रक्त मिळत नाही. इथे उपयोगी पडलं पोटॅशियम. पोटॅशियमचं प्रमाण वाढलं की हृदय सैल अवस्थेत थांबतं. अमेरिकेत मृत्युदंड देताना वापरतात तेच हे क्षार. 1955 मध्ये लंडनच्या डेनिस मेलरोज यांनी ते मुद्दाम हृदयात सोडलं, पण मात्रा फार तीव्र असल्याने स्नायू करपत, म्हणून पद्धत मागे पडली. 1970 च्या दशकात सौम्य मात्रेत ती परत आली ती कायमचीच. धडधडणारं हृदय थांबवलं की त्याची ऑक्सिजनची गरज नव्वद टक्क्यांच्या आसपास घटते. थंड केलं की आणखी. या द्रावणाला कार्डिओप्लेजिया म्हणतात. त्याच्या जोरावर सर्जनला तास-दीड तास, गरज पडली तर त्याहून जास्त, शांत आणि कोरडं हृदय मिळतं.

आता एखाद्या नेहमीच्या दिवशी हे सगळं कसं जुळून येतं ते पाहू. भूलतज्ज्ञाने रुग्ण झोपवला, घशात नळी घातली, अन्ननलिकेतून इकोचा प्रोब खाली सरकवला. सर्जन गळ्याखालच्या खोबणीपासून छातीच्या पिंजऱ्याच्या टोकापर्यंत छेद देतो आणि विजेच्या छोट्या करवतीने उरोस्थी उभी दुभागतो. बायपास असेल तर दुसरा सहकारी त्याच वेळी जोडण्यासाठी पायातली शीर काढत असतो. मग रक्त गोठू नये म्हणून हेपरिन. हे दिल्याशिवाय रक्त नळीत गेलं तर पंप काही क्षणांत गुठळ्यांनी भरेल, म्हणून रक्त गोठायला किती सेकंद लागतात याची चाचणी तिथल्या तिथे होते. एरवी दोन मिनिटांच्या आत गोठणारं रक्त आता आठ मिनिटं तरी पातळ राहिलं पाहिजे. एक नळी महाधमनीत, एक उजव्या कर्णिकेत. ‘‘पंपावर घ्या,’’ म्हटलं की पर्फ्युजनिस्ट हळूहळू प्रवाह वाढवतो, पडद्यावरची नाडीची लाट सपाट होत जाते आणि भूलतज्ज्ञ व्हेंटिलेटर बंद करतो. मग क्लॅम्प. मग थंड द्रावण. हृदय एकदोनदा दचकतं आणि थांबतं.

बायपासमध्ये पुढचं काम दीड-दोन मिलिमीटर रुंदीच्या धमनीवर असतं. सर्जनच्या चष्म्यावर भिंग बसवलेलं असतं. धागा सात किंवा आठ शून्याचा, म्हणजे डोक्यावरच्या केसापेक्षाही बारीक. तो नजरेला दिसण्याआधी बोटांना जाणवतो असं म्हणतात, पण खरं तर तो बोटांनाही नीट जाणवत नाही, तो फक्त भिंगातून दिसतो. एका जोडाला दहा-बारा टाके. दोन ओल्या शेवयांची तोंडं एकमेकांना अशी शिवायची की आतून सुरकुती नको, बाहेर थेंब नको. टाका किंचित ओढला गेला तर तोंड आकसतं, सैल राहिला तर गळतं. आणि एकदा हृदय मागे वळवून ठेवलं की मागच्या बाजूचा जोड पुन्हा सहजासहजी हाताशी येत नाही.

कुठली नळी वापरायची यालाही इतिहास आहे. 1958 मध्ये क्लीव्हलँड क्लिनिकमध्ये मेसन सोन्स यांच्या हातून रंगद्रव्य चुकून थेट उजव्या हृदयधमनीत गेलं. रुग्णाचं हृदय थांबेल या भीतीने खोली गोठली, पण तो खोकला आणि सावरला. हृदयधमन्यांचा नकाशा काढायची युक्ती अशी अपघाताने हाती लागली. त्याच रुग्णालयात अर्जेंटिनाहून रेने फावालोरो आले. पंपासच्या गवताळ प्रदेशातल्या एका खेड्यात बारा वर्षं गावडॉक्टर म्हणून काम केलेला हा माणूस. सोन्स यांची फिल्म तासन्‌तास पाहत बसायचा. 1967 मध्ये फावालोरो यांनी पायातली शीर काढून अडथळ्यापलीकडे जोडायला सुरुवात केली आणि बायपास ही शस्त्रक्रिया जगभर गेली. लेनिनग्राडमध्ये वसिली कोलेसोव यांनी त्याच्या तीन वर्षं आधी छातीच्या आतल्या भिंतीवरची धमनी वापरून असंच केलं होतं, पण पोलादी पडद्यामागचं काम फार कुणी वाचलं नाही. गंमत अशी की कोलेसोव यांची धमनी जास्त टिकाऊ निघाली. पायाच्या शिरा दहा वर्षांत निम्म्याच्या आसपास बंद पडतात, तर छातीतली धमनी नव्वद टक्के रुग्णांत उघडी राहते. आज पुढच्या मुख्य धमनीला हीच जोडायची हा नियमच झाला आहे.

भारतात बहुतेक बायपास पंपाशिवाय, धडधडत्या हृदयावर होतात. हृदय चालूच ठेवायचं आणि ज्या इंचभर जागी टाके घालायचे तेवढी जागा चिमट्यासारख्या स्थिरकाने दाबून धरायची. पश्चिमेत ही पद्धत अल्पसंख्य राहिली, आपल्याकडे बहुसंख्य झाली. त्याला कारणं आहेत. दर रुग्णामागे ऑक्सिजनेटर आणि नळ्यांचा संच फेकून द्यावा लागतो, तो खर्च वाचतो. रक्त कमी लागतं. महाधमनीत चुना साचलेल्या वृद्ध रुग्णात पंपाची नळी आणि क्लॅम्प टाळल्याने पक्षाघाताचा धोका कमी होतो. पण ‘बीटिंग हार्ट’ हे शब्द जाहिरातीत जेवढे शोभतात तेवढा निर्विवाद फायदा मोठ्या चाचण्यांत दिसलेला नाही. 2009 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या एका चाचणीत वर्षभरानंतर पंपाशिवाय लावलेले ग्राफ्ट, म्हणजे जोडलेल्या नळ्या, थोडे जास्तच बंद पडलेले आढळले. पद्धतीपेक्षा त्या सर्जनचा त्या पद्धतीवर हात किती बसलेला आहे, हे जास्त महत्त्वाचं दिसतं. नातेवाइकांनी ‘ऑन पंप की ऑफ पंप’ हे विचारावंच, पण ‘तुम्ही एरवी कसं करता’ हेही विचारावं.

पंपावर शस्त्रक्रिया केली असेल तर शेवटचा टप्पा सगळ्यांत अवघड. क्लॅम्प काढला, गरम रक्त हृदयाच्या स्नायूत शिरलं की बहुतेक वेळा ते आपणहून फडफडतं, कधी थेट ठोका धरतं. नुसतं थरथरत राहिलं तर चमच्यासारखे दोन इलेक्ट्रोड लावून दहा-वीस ज्यूलचा छोटा झटका देतात. सिनेमात छातीवर देतात तो याच्या कितीतरी पट मोठा. मग पंपाचा प्रवाह हळूहळू कमी करत हृदयावर भार टाकायचा. इथे सर्जन, भूलतज्ज्ञ आणि पर्फ्युजनिस्ट तिघांचीही नजर एकाच पडद्यावर असते. दाब धरला तर पंप बंद. हेपरिनचा प्रभाव घालवायला प्रोटामिन द्यायचं. हे औषध मूळचं सामन माशाच्या वीर्यातून मिळालेलं आहे. मग उरोस्थी पोलादी तारांनी आवळून बांधायची. हाड जुळायला दीड-दोन महिने लागतात, म्हणून तोवर जड उचलायचं नाही, कुशीवर जोर द्यायचा नाही, खोकताना छातीशी उशी धरायची. रात्री आयसीयूत नळीतून किती रक्त पडतंय हे तासातासाला मोजलं जातं. प्रमाण वाढलं तर मध्यरात्री छाती पुन्हा उघडायची. ज्याने दिवसा शस्त्रक्रिया केली त्यालाच रात्री फोन येतो.

मुंबईच्या संदर्भात मिनिटांचा हा हिशेब एकदा फार मोठ्या प्रश्नाला भिडला. 3 डिसेंबर 1967 रोजी केप टाउनमध्ये ख्रिस्तियान बर्नार्ड यांनी माणसाचं पहिलं हृदयरोपण केलं. रुग्ण अठरा दिवस जगला. त्यानंतर तीन महिनेही झाले नव्हते, तोच फेब्रुवारी 1968 मध्ये परळच्या केईएम रुग्णालयात डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी जगातलं सहावं आणि आशियातलं पहिलं हृदयरोपण केलं. हे अचानक सुचलेलं साहस नव्हतं. सेन यांचा विभाग कित्येक वर्षं कुत्र्यांवर रोपणाचे प्रयोग करत होता. रुग्ण काही तासच जगला. पण खरी कोंडी वैद्यकीय नव्हती. हृदय चालू असलेला माणूस मृत आहे असं म्हणायला तेव्हा भारतात कायदा नव्हता, आणि मेंदूमृत्यूची व्याख्या करणारा हार्वर्डच्या समितीचा अहवालही त्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये आला. म्हणजे दात्याचं हृदय आपोआप थांबेपर्यंत सर्जनने वाट पाहायची, आणि वाट पाहताना तेच हृदय खराब होत जायचं.

तो कायदा यायला 26 वर्षं लागली. 1994 मध्ये मानवी अवयव प्रत्यारोपण कायदा संमत झाला आणि त्याच वर्षी 3 ऑगस्टला दिल्लीच्या एम्समध्ये डॉ. पी. वेणुगोपाल यांनी देशातलं पहिलं यशस्वी हृदयरोपण केलं. मुंबईत मात्र सेन यांच्यानंतर यशस्वी रोपणासाठी ऑगस्ट 2015 उजाडावा लागला. तेव्हा पुण्यातल्या दात्याचं हृदय मुलुंडला आणून डॉ. अन्वय मुळे यांच्या पथकाने ते बसवलं. बाहेर काढलेलं हृदय थंड पेटीत सुमारे चार तास टिकतं, त्यातच प्रवास आणि रोपणाचे सगळे टाके बसवायचे. ‘ग्रीन कॉरिडॉर’साठी वाहतूक पोलीस रस्ता मोकळा करतात तेव्हा सिग्नलवर खोळंबलेला माणूस खरं तर कार्डिओप्लेजियाची मिनिटं मोजत असतो, त्याला ते ठाऊक नसलं तरी.

नवजात बाळांच्या हृदयावर काम करणारे सर्जन हे या मंडळींतले वेगळेच लोक. तीन किलोच्या बाळाच्या अंगात जेमतेम अडीचशे मिलिलिटर रक्त असतं. पंपाच्या नळ्या भरायलाच तेवढं लागू शकतं. काही बाळांत महाधमनी आणि फुप्फुसधमनी यांची जागाच अदलाबदल झालेली असते. 1975 मध्ये ब्राझीलच्या अदिब झातेने यांनी त्या दोन्ही कापून जागच्या जागी बसवण्याची शस्त्रक्रिया यशस्वी केली. त्यात हृदयधमन्यांची मिलिमीटर-दीड मिलिमीटरची तोंडंही बटणासारखी कापून नव्या जागी शिवावी लागतात. हृदयदोषामुळे रक्तात ऑक्सिजन कमी पडून निळ्या दिसणाऱ्या बाळांच्या शस्त्रक्रियेच्या मुळाशी एक नाव फार उशिरा आदराने घेतलं गेलं. 1944 मध्ये बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समध्ये आल्फ्रेड ब्लेलॉक यांनी पहिल्या निळ्या मुलीवर शस्त्रक्रिया केली तेव्हा त्यांच्या मागे स्टुलावर उभं राहून व्हिवियन थॉमस त्यांना टाका कुठून घ्यायचा हे सांगत होते. कल्पना हेलन टॉसिग या बालहृदयरोगतज्ज्ञ बाईंची, हात थॉमस यांचा. त्यांनीच कुत्र्यांवर ही शस्त्रक्रिया बसवली होती. कृष्णवर्णीय, वैद्यकीय पदवी नसलेला हा तंत्रज्ञ पगारपत्रकावर कित्येक वर्षं सफाई कामगाराच्या श्रेणीत होता.

महाराष्ट्रात लोकांच्या मनात हृदयाचा सर्जन म्हणजे बराच काळ नीतू मांडके. बाळासाहेब ठाकरे यांची बायपास करणारा, मोठ्या आवाजाचा, मोठी स्वप्नं पाहणारा हा माणूस 2003 मध्ये, पंचावन्नाव्या वर्षी, हृदयविकाराच्या झटक्याने गेला. आता तशी वलयं फारशी उरलेली नाहीत, आणि त्याचं एक कारण व्यवसायातच आहे. 1977 मध्ये झुरिकमध्ये आंद्रेआस ग्रुंटझिग यांनी फुग्याने हृदयधमनी उघडली, पुढे स्टेंट आले, 2002 मध्ये फ्रान्समध्ये आलँ क्रिबिए यांनी मांडीतून नळी घालून महाधमनीची झडपही बसवली. पूर्वी सर्जनकडे येणारा रुग्ण आता कॅथलॅबमध्येच, म्हणजे नळी घालणाऱ्या हृदयरोगतज्ज्ञाकडेच, थांबतो. सर्जनकडे येतात ते उरलेले. तिन्ही धमन्या खराब, मधुमेह, आधीचे दोन-तीन स्टेंट, थकलेलं हृदय. काम कमी झालं नाही, कठीण झालं. एमबीबीएसनंतर तीन वर्षं जनरल सर्जरी, त्यावर तीन वर्षं एमसीएच, आणि त्यानंतरही स्वतंत्रपणे हात चालायला काही वर्षं. तिशी सरते तरी माणूस कुणाचा तरी सहाय्यकच असतो. एमसीएचच्या या शाखेतल्या जागा अलीकडे रिकाम्या राहतात यात नवल नाही.

संधिवाताच्या तापाने झडप पार खराब झालेल्या रुग्णांसाठी मात्र सर्जनला अजून फारसा पर्याय नाही, आणि आपल्याकडे हे रुग्ण तरुण असतात. दाटीवाटीच्या घरांत वाढलेल्या मुलांना स्ट्रेप्टोकोकसने घसा धरतो, काहींना त्यातून संधिवाताचा ताप येतो, आणि दहा-पंधरा वर्षांनी पंचविशीतल्या बाईची मायट्रल झडप दगडासारखी होते. ती बदलायची तर दोन मार्ग. एक धातू-कार्बनची यांत्रिक झडप. 1960 मध्ये अल्बर्ट स्टार आणि अभियंता लोवेल एडवर्ड्स यांनी पिंजऱ्यातला चेंडू असलेली झडप बनवली तेव्हापासून ती सुधारत आली आहे. तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा तिरुनाल संस्थेत डॉ. एम. एस. वलियाथन यांच्या चमूने आधीचे आराखडे फसल्यावरही चिकाटीने स्वदेशी झडप तयार केली. 1990 च्या डिसेंबरमध्ये ती पहिल्यांदा माणसात बसली आणि परदेशी झडपेच्या किमतीमुळे परत जाणाऱ्या कितीतरी रुग्णांना परवडली. पण यांत्रिक झडपेवर गुठळी धरते. म्हणून रक्त पातळ ठेवणारी गोळी जन्मभर, आणि दर महिन्या-दीड महिन्याला रक्त किती पातळ आहे ते पाहणारी आयएनआर तपासणी. गोळी जास्त झाली तर मेंदूत रक्तस्राव, कमी झाली तर झडप अडकते. पावसाळ्यात अळू, पालक, माठ भरपूर खाल्ले की त्यातल्या के जीवनसत्त्वाने गोळीचा जोर उतरतो. गरोदरपणाच्या पहिल्या तीन महिन्यांत हीच गोळी गर्भाला घातक ठरू शकते. तालुक्याच्या ठिकाणी आयएनआर होत नसेल तर हे सगळं कोण सांभाळणार?

दुसरा मार्ग म्हणजे डुकराच्या झडपेची किंवा गायीच्या हृदयावरणाची जैविक झडप. गोळी लागत नाही किंवा थोडेच महिने लागते. ऐकल्यावर काही घरांत धर्माचा प्रश्न निघतो आणि तो डॉक्टरांनी आधीच मोकळेपणाने बोललेला बरा. पण तरुण शरीरात ही झडप दहा-पंधरा वर्षांत कडक होते. म्हणजे पंचविशीतल्या बाईला चाळिशीच्या आत दुसरी शस्त्रक्रिया. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत झडप बदलण्याचा खर्च मिळतो, त्यामुळे पैशाचा प्रश्न काही अंशी सुटला, निवडीचा नाही. ‘डॉक्टर, तुम्हीच सांगा’ असं म्हणत नवरा आणि सासू समोर बसतात. मूल हवं आहे का, तपासणीला शहरात येणं जमेल का, हे प्रश्न त्या बाईलाच विचारून तिच्या तोंडून उत्तर काढणारा सर्जन मला जास्त हुशार वाटतो.

दुसऱ्यांदा छाती उघडणं हे पहिल्यापेक्षा वेगळंच काम असतं. पहिल्या शस्त्रक्रियेनंतर हृदय उरोस्थीच्या मागच्या बाजूला चिकटून बसतं, आणि करवत एखाद्या मिलिमीटरने खोल गेली तर थेट उजव्या जवनिकेत किंवा जुन्या ग्राफ्टमध्ये शिरते. म्हणून सीटी स्कॅनवर अंतर मोजतात, मांडीतल्या धमनीत नळी घालून गरज पडताच पंप सुरू करायची तयारी ठेवतात, हाड मागच्या बाजूने थोडं थोडं सोडवत जातात. नुसतं चिकटलेलं सोडवायलाच दोन-दोन तास जातात. हे ठाऊक असलेला सर्जन तरुण रुग्णाची पहिली शस्त्रक्रिया संपवताना, जमेल तिथे हृदयावरणाच्या कडा ओढून हृदयावर शिवून टाकतो आणि ऑपरेशन नोटमध्ये लिहून ठेवतो की कुठला ग्राफ्ट मध्यरेषेपासून कुठल्या बाजूने गेला आहे, झडपेचा आकार आणि कंपनी कोणती आहे, हृदयावरण पूर्ण शिवलं की अर्धं. बारा-पंधरा वर्षांनी ती छाती उघडणारा बहुधा तो स्वतः नसतो.